दार का फुगलं?

दोस्तांनो, गारखेड्याहून एका मित्राचं पत्र आलंय. ‘पावसाळ्यात आमचं दार लागता लागत नाही. खांद्यानं ढकलावं लागतं. उन्हाळ्यात मात्र त्याच्याच फटीतून धूळ आत येते. बाबा म्हणतात, रविवारी सुतार बोलावून रंधा मारून घेऊ. घ्यावा का?’

मित्रा, आधी बाबांना थांबव!

झाडाची फळी झाली तरी लाकूड हवेतला दमटपणा घेत आणि सोडत राहतं. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, हवा कोरडी ठाक. तेव्हा १०० ग्रॅम सुक्या लाकडामागे पाणी असतं जेमतेम ५-६ ग्रॅम. श्रावणातल्या झडीत तेच १५-१६ ग्रॅमपर्यंत चढतं आणि लाकूड फुगतं. गंमत म्हणजे लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही, वाढतं रुंदीत. म्हणून दार अडतं ते बाजूच्या चौकटीला.

हा गाढवपणा मी स्वतः केलाय बरं का! भर श्रावणात हौसेनं रंधा चालवला. दार कसं अलगद लागायला लागलं! संक्रांत उलटली आणि फटीत करंगळी जाईल एवढी जागा. चैत्रात एक पाल तिथूनच ये-जा करायची. तासलेलं लाकूड काही परत चिकटत नाही.

तेव्हा दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर पाहा. तरीही अडलं तरच रंधा, तोही हलक्या हातानं. मग दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही रंग द्या. ती नेहमी राहून जाते, आणि लाकूड पाणी सगळ्यात भराभर पितं ते तिथूनच. जाणता सुतार तर दाराच्या मधली फळी खोबणीत सैलच बसवतो, तिला फुगायला जागा हवी ना!

लाकूड टिकतं किती, हेही पाण्यावरच. तुमच्याजवळच्या वेरूळला दहाव्या लेण्यात, ‘सुतार की झोपडी’त, छताचे वासे दगडात कोरलेत, पण हुबेहूब लाकडी वाटतात. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र खरे लाकडी वासे आहेत, सुमारे २००० वर्षांचे! बाहेर धो धो पाऊस, पण डोक्यावर डोंगराचा कातळ, त्यामुळे ते थेट भिजत नाहीत. १०० ग्रॅममागे पाणी २० ग्रॅमच्या वर बराच काळ राहिलं, की बुरशी धरते आणि लाकूड कुजतं.

आता एक काम. दाराच्या फटीत किती पोस्टकार्डं एकावर एक मावतात, ते दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिही. वर्षभरानं ते आकडे आम्हाला कळव.