उकळलेले पाणीही तपासावे लागते
नळाचे पाणी नितळ दिसले, उकळून घेतले, की आपण चामोर्शीकर निर्धास्त होतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या काही गावांतील भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. त्याला ना रंग, ना वास. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसेच राहते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षे पोटात गेले, तर लेकरांच्या पक्क्या दातांवर कायमचे डाग पडतात, पुढे हाडेही आखडतात. म्हणून नळाला पाणी बोअरचे येते की नदीचे, हे आधी विचारू या. प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत नमुना भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत देऊ या. फ्लोराइड जास्त निघाले, तरी वुजू, धुणी-भांडी त्याच पाण्याने चालतील. पिण्याला आणि हंडीला मात्र दुसरे पाणी हवे.