बादली कोणी उचलायची?

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पुण्या-मुंबईच्या किंवा नाशिकच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक दृश्य नेमाने दिसते. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारींच्या टपांवर दव साचलेले असते. कानांभोवती मफलर गुंडाळलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक माणूस एका मोटारीपासून दुसरीकडे सरकत असतो. हातात बादली, खांद्यावर फडकी. लोक कामावर निघण्यापूर्वी त्याला पंधरा-वीस मोटारी उरकायच्या असतात. नऊच्या सुमारास मालक खाली उतरतो तेव्हा मोटार लख्ख असते आणि ती लख्ख करणारा निघून गेलेला असतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवली की मालकापुरता हा व्यवहार संपतो.

मोटार कशी धुवावी हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे, असे सुखवस्तू मध्यमवर्ग मानतो. ज्याच्या दारी मोटार आहे त्याने ती नळीने धुवावी, बादलीने धुवावी किंवा धुऊन देणाऱ्या केंद्रावर न्यावी. त्यात इतरांनी नाक खुपसण्याचे कारण काय, असा हा युक्तिवाद आहे. परंतु ज्या गोष्टीला पाणी लागते ती महाराष्ट्रात खासगी राहू शकत नाही, आणि ज्या गोष्टीला दुसऱ्याचे हात लागतात ती तर कोठेच खासगी राहत नाही. मोटार धुण्याला ही दोन्ही लागतात. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे, आणि तो नेमका हिवाळ्यात विचारला पाहिजे.

हिवाळ्यातच का, हे समजून घेण्यासाठी आधी थंड देशांकडे पाहणे उपयोगी ठरेल. युरोप-अमेरिकेच्या उत्तरेकडील भागांत रस्त्यांवर बर्फ गोठू नये म्हणून मीठ टाकले जाते. ते खारे पाणी चाकांबरोबर उडून मोटारीच्या तळाला चिकटते आणि पत्रा गंजवते. त्यामुळे तेथे हिवाळ्यात मोटार, विशेषतः तिचा तळ, वारंवार धुणे ही गरज आहे. पण ही गरज तेथे समाजाने मोकाट सोडलेली नाही. जर्मनीत घरापुढच्या रस्त्यावर किंवा उघड्या जमिनीवर मोटार धुण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते, कारण तेलकट, साबणाचे पाणी जमिनीत मुरून भूजल बिघडवते. मोटार न्यायची ती पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या केंद्रावर, असा तेथील रिवाज आहे.

महाराष्ट्रात रस्त्यावर मीठ पडत नाही. हिवाळ्यात येथे मोटारीवर बसते ती धूळ. पाऊस थांबल्यावर सुकलेल्या रस्त्यांची आणि शहरभर चाललेल्या बांधकामांची. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेचा प्रश्न आहे, तो मान्य केला पाहिजे. पण त्यालाही ओले फडके आणि अधूनमधून तळाची सफाई पुरेशी आहे. धूळ काढायला धबधबा लागत नाही. कोरड्या फडक्याने ती घासली तर रंगावर चरे उठतात, हे खरे. म्हणून ती आधी ओली करायची, एक फडके धूळ उचलायला, दुसरे पुसायला, आणि मळके फडके वेगळ्या पाण्यात पिळायचे. रोज पहाटे हे काम करणाऱ्यांना ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. थंडीत टपावर पडलेले दवच धूळ भिजवण्याचे अर्धे काम करून ठेवते, हेही त्यांना ठाऊक असते. अशा दिवशी एका मोटारीला अर्धी बादली पुरते. पंधरवड्यातून एकदा पुरते धुवायचे तर दोन बादल्या.

आता नळीचा हिशेब पाहावा. साध्या नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सहज वाहते. दहा मिनिटे नळी चालली, मध्ये फडके फिरवताना ती जमिनीवर तशीच वाहत राहिली, तर शंभर ते दीडशे लिटर पाणी गटारात जाते. शहरातील माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे नियोजनाचे प्रमाण आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ठरवलेले प्रमाण दिवसाला ५५ लिटर आहे. म्हणजे नळीने धुतलेली एक मोटार खेड्यातील जवळजवळ तीन माणसांचा दिवसाचा वाटा पिऊन टाकते. आणि तोही कागदावरचा वाटा, जो प्रत्यक्षात हंड्यात पडेलच याची शाश्वती कोणी देत नाही.

हे पाणी येते कोठून? मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे तलाव ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील कितीतरी आदिवासी पाड्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात घालवले आहेत. धरणासाठी जमिनी ज्या मुलखाने दिल्या, त्याच्या डोळ्यांदेखत पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला गेले. ते शहराने पिऊ नये असे कोणी म्हणणार नाही. मुंबईत राहणारा बहुसंख्य माणूसही कष्टकरीच आहे आणि त्याच्या वस्तीतल्या नळालाही धार नसते. पण पिण्यासाठी शुद्ध केलेले तेच पाणी चाकांवर ओतले जावे, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करायचे?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे अजून कोणी विसरले नसेल. मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्या गाडीची छायाचित्रे छापली. दीडशे लिटरच्या हिशेबाने त्या संपूर्ण गाडीतील पाण्यात नळीने धुवायच्या झाल्या तर सुमारे ३,३०० मोटारी धुऊन झाल्या असत्या. एखाद्या मोठ्या शहराच्या एका उपनगरात एवढ्या मोटारी सहज उभ्या असतात.

शासनाला हे समजत नाही असे नाही. ते उशिरा समजते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यांना ५,००० रुपये दंड जाहीर केला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली सरकारने नळीने मोटार धुणाऱ्यांसाठी २,००० रुपये दंड ठेवला. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण ते केव्हा आले? विहिरी आटल्यावर, नळ कोरडे पडल्यावर. धरणे भरलेली असतात तेव्हा, म्हणजे ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, पाण्याची आठवण कोणालाच राहत नाही. वस्तुतः मे महिन्याचे पाणी हिवाळ्यातच वाचत असते. जानेवारीत उधळलेल्या पाण्यासाठी मे महिन्यात दंड करून ते परत येत नाही.

तेव्हा नळी बंद करा आणि बादली वापरा, एवढे सांगून हा लेख संपवता आला असता. अनेक गृहनिर्माण संस्थांनी तसे ठराव केलेही आहेत. सर्वसाधारण सभेत ठराव येतो, कोणी पर्यावरणावर चार शब्द बोलतो, ठराव एकमताने संमत होतो आणि फाटकावर फलक लागतो: ‘नळीने मोटार धुण्यास सक्त मनाई’. सभासद समाधानाने घरी जातात. खरा प्रश्न यानंतर सुरू होतो.

पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलोचे ओझे. दिवसाला वीस मोटारी आणि मोटारीमागे दोन बादल्या धरल्या, तर त्या माणसाला एका सकाळी सहाशे किलो पाणी उचलून वाहावे लागते. तेही थंडीत, गार पाण्यात बोटे बुडवत, दोन-अडीच तासांत. नळीने जे काम होत होते त्याला आता अधिक वेळ आणि अधिक फडकी लागतात. पूर्वी वीस मोटारी होत होत्या, तेथे आता पंधराच होतात. म्हणजे उरलेल्या पाच मोटारींची मजुरी बुडाली. दर मात्र तोच. ठरावात पाण्याचा उल्लेख असतो, त्याचा नसतो. सभेला त्याला कोणी बोलावलेलेही नसते. पाणी वाचवल्याचे श्रेय सभासदांचे, आणि ते वाचवण्याचे श्रम व खर्च त्याचा.

हा या प्रश्नाचा गाभा आहे. समाजहिताची प्रत्येक सुधारणा ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्या पाठीवरून पुढे न्यायची, ही या देशातील वरच्या वर्गाची जुनी सवय आहे. काटकसरीचा उपदेश वर होतो आणि काटकसर खाली होते. समाजवादी दृष्टी असलेल्या माणसाने पाणी वाचवण्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले पाहिजे; परंतु त्या बचतीची किंमत कोण देतो, हा प्रश्न त्याच श्वासात विचारला नाही तर त्याची भूमिका फाटकावरच्या फलकाहून वेगळी उरत नाही.

यावर दोन पळवाटा सुचवल्या जातात. पहिली बोअरची. आमच्या आवारात आमची बोअर आहे, पालिकेचे पाणी आम्ही वापरतच नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. पण जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही. एका आवारातली बोअर खोल गेली की शेजारच्या चाळीची विहीर आटते. दुसरी पळवाट यंत्राची. पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या केंद्रावर मोटार न्यावी, म्हणजे पाणीही वाचेल आणि कोणाला गारठावे लागणार नाही. यात तथ्य आहे, आणि यंत्राला आंधळा विरोध करण्याचे कारण नाही. पण असे केंद्र उघडायला भांडवल लागते, आणि ज्याच्यापाशी ते आहे तोच उघडेल. मग पहाटेचा तो माणूस एक तर बेकार होईल, किंवा त्याच केंद्रात दुसऱ्याच्या हाताखाली फडके मारू लागेल. यंत्र आले तर चालेल. ते कोणाच्या मालकीचे असेल, हे आधी ठरले पाहिजे.

या कामगारांना संघटित करता येणार नाही, कारण त्यांना एक मालक नाही, असे म्हटले जाते. हेच एकेकाळी हमालांविषयी म्हटले जात असे. हमालाचेही मालक अनेक, काम तुटक आणि नोंद कोठेच नाही. तरीही लढा झाला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. कामगाराची नोंद मंडळाकडे व्हावी, प्रत्येक मालकाने मजुरीबरोबर ठरावीक भरणा मंडळात करावा आणि त्यातून भविष्यनिर्वाहाची सोय व्हावी, हे तत्त्व त्या कायद्याने रुजवले. कचरा वेचणाऱ्या बायांविषयीही हेच बोलले जाई. पुण्यात १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांना कोणी कामगार म्हणायला तयार नव्हते त्यांनी ओळखपत्र मिळवले. मोटार धुणाऱ्याचे काम याहून निराळे नाही. तोही अनेक दारांचा एक कामगार आहे.

कार्यकर्त्यांनी या हिवाळ्यात आपापल्या वस्तीत हे काम हाती घेण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचाही गृहनिर्माण संस्थेत मतदानाचा हक्क असतो, तो वापरावा. नळीबंदीचा ठराव आणायचा तो दुसऱ्या ठरावासह: बादलीचे काम सुरू झाल्यापासून दरात वाढ, आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, थंडीसाठी रबरी हातमोजे, बादली दूर वाहावी लागू नये म्हणून मोटारींजवळ एक नळ, आणि त्या नळाला शक्य तेथे संस्थेच्या सांडपाणी प्रक्रियेतून येणारे किंवा पावसाचे साठवलेले पाणी. रोज धुण्याचा हट्ट सोडावा. एक दिवसाआड पुसणे पुरते. मात्र दिवस कमी झाले म्हणून महिन्याची रक्कम कमी होता कामा नये. ठराव मांडण्यापूर्वी त्या माणसाला सभेत बसवून त्याचे म्हणणे ऐकावे. त्याला खुर्ची द्यावी लागेल, आणि काही सभासदांना ते जड जाईल. जड जाऊ द्यावे.

महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे घडले, त्यात प्रश्न केवळ तहानेचा नव्हता; पाण्यासमोर माणूस समान आहे की नाही, याचा होता. पुढे मृणाल गोरे यांना गोरेगावच्या बायांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते त्यांनी पाण्याबरोबर त्या बायांची प्रतिष्ठाही मागितली म्हणून. या परंपरेपुढे मोटारीच्या टपावरची धूळ ही क्षुल्लक बाब वाटेल. पण विषमता नेहमी मोठ्या दरवाजातूनच येते असे नाही. ती पहाटेच्या बादलीतूनही येते.

जानेवारीत धरणे भरलेली असतात, नळाला धार असते, आणि थंडीत बाहेर पडायला कोणी राजी नसते. अशा वेळी फाटकाजवळ तो माणूस एकटाच बादली घेऊन उभा असतो. पाणी वाचवायचे असेल तर ती बादली उचललीच पाहिजे. तिचे अर्धे ओझे मोटारवाल्याच्या खिशाने उचलावे, एवढीच मागणी आहे. आणि ती मे महिन्याची वाट न पाहता आता केली पाहिजे.