एकेक ओळ की सगळी यादी?

वाण्याकडून महिन्याचं सामान आणताना आपण यादी देतो. साखर घरी ठेवून तूरडाळीसाठी पुन्हा जायचं, मग तेलासाठी तिसरी खेप, असं कोणी करत नाही. डेटाबेसचं काम करताना मात्र अनेकजण नेमकं हेच करतात. या पद्धतीचं नाव कर्सर. माऊसचा बाण तो वेगळा. हा कर्सर टेबलातली एकेक ओळ उचलून हातात देतो.

समजा, एका पतसंस्थेच्या एक लाख बचत खात्यांत व्याज जमा करायचंय. कर्सर उघडायचा, एक ओळ आणायची, व्याज काढून शिल्लक बदलायची, पुढची ओळ आणायची. अशा लाख फेऱ्या! मध्येच वीज गेली तर? प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे नोंदली जात असेल, तर निम्म्या खात्यांत व्याज जमा आणि निम्मी कोरडी. काम पुन्हा पहिल्यापासून चालवलं, की काहींना दुप्पट व्याज. सगळ्या फेऱ्या एकाच व्यवहारात बांधल्या, तर तोवर ओळी कुलूपबंद आणि काउंटरवर खातेदार ताटकळत.

हेच काम एका अपडेट विधानात होतं. ते सगळं पूर्ण होतं किंवा काहीच होत नाही, आणि सहसा कितीतरी लवकर उरकतं. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलचा गाभाच हा आहे: काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते डेटाबेसवर सोडा.

‘ज्येष्ठांना जास्त दर’ अशा अटी असतील, तर त्याच विधानात ‘केस’ वापरा. दर दुसऱ्या टेबलात असतील, तर ‘जॉइन’ करा. पासबुकासारखी प्रत्येक नोंदीपुढे शिल्लक हवी असेल, तर विंडो फंक्शन आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१२ आणि मायएसक्यूएल ८.० पासून हे सहज जमतं. ओरॅकलमध्ये ओळी गठ्ठ्याने हाताळायला ‘बल्क कलेक्ट’ आणि ‘फोरऑल’ आहेत. कर्सर काढून ‘व्हाइल’ लूप लावणं हा मात्र उपाय नव्हे. खेपा तेवढ्याच राहतात!

मग कर्सर वाईटच का? तसं नाही. प्रत्येक ओळीसाठी वेगळी प्रोसिजर चालवायची असेल किंवा सर्व्हरवरच्या प्रत्येक डेटाबेसची देखभाल करायची असेल, तर तो योग्यच. अशा वेळी फक्त वाचणारा आणि पुढेच जाणारा कर्सर निवडा, आणि काम झालं की आठवणीने बंद करा.

लूप लिहिण्याआधी काम साध्या मराठीत बोलून पाहा. ‘ज्या ज्या खात्यांत अमुक आहे, त्या सगळ्यांत तमुक करा’ असं वाक्य जमलं, तर बहुधा एकच विधान पुरेल.