प्रवासाचे बोचके आणि भूगोलाचे विस्मरण

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून दोन चर्चा सुरू होतात. यंदा कुठे जायचे ही पहिली आणि बरोबर काय न्यायचे ही दुसरी. पहिल्या चर्चेत घरातील लहानथोर सारेच उत्साहाने भाग घेतात. दुसरी मात्र निघण्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता, कपाटासमोर उभ्याउभ्या उरकली जाते. ज्या देशात १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि ज्या देशात त्याच मे महिन्यात बदरीनाथला रजईवाचून झोप येत नाही, त्या देशात ही निष्काळजी परवडणारी नाही. सामान बांधणे हा बायकामुलांचा किंवा नोकरमाणसांचा क्षुल्लक विषय मानून आपण भूगोलाकडेच पाठ फिरवली आहे, असा आमचा आक्षेप आहे. तो येथे थोडा विस्ताराने मांडण्याची अनुमती वाचकांनी द्यावी.

या विषयात आज तीन मते बोकाळली आहेत. ‘सामान जितके कमी तितका प्रवास सुखाचा’ हे पहिले. ‘हल्ली सगळीकडे सगळे मिळते’ हे दुसरे. आणि ‘सहल कंपनीने यादी दिली आहे ना, मग आपण कशाला डोके शिणवायचे’ हे तिसरे. तिन्ही मते ऐकायला गोड आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत.

पहिले मत घेऊ. कमी सामानाचे समर्थक नेहमी पूर्वजांचा दाखला देतात. आमचे आजोबा एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि दशम्यांची पुरचुंडी एवढ्यावर काशीला जाऊन आले, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही असेल. परंतु वळकटी लहान का होती, हे कोणी विचारीत नाही. ज्या होळकरांच्या नगरीत आम्ही राहतो त्यांच्याच अहल्याबाईंनी केदारनाथापासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली वा चालविली. यात्रेकरूचे निम्मे सामान वाटेवरच ठेवलेले होते. दुसरे असे की ती माणसे पायी किंवा बैलगाडीने जात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातून उत्तरेकडे निघाले ते महू, ग्वाल्हेर, झांशी अशा वाटेने, आणि परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. पायी चालणाऱ्याला हवामान हळूहळू भेटते. घाट चढताना शरीर सावकाश सरावते, ऋतू पालटताना दिसतो, पुढच्या गावी थंडी कशी आहे ते समोरून येणारा वाटसरू सांगतो. आज सकाळी इंदूरला, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, चहा घेतलेला गृहस्थ दिल्लीमार्गे विमानाने दुपारच्या आत लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, उतरू शकतो. त्याच्या शरीराला सरावाचे दिवस मिळालेलेच नाहीत. म्हणून आजोबांच्या वळकटीचा दाखला त्याला लागू पडत नाही.

दुसरे मत असे की पैसे असले म्हणजे झाले, वाटेत दुकाने आहेतच. दुकाने आहेत, हे आम्हांस मान्य आहे. गौरीकुंडलाही प्लास्टिकचे रेनकोट टांगलेले असतात. पण तेथून केदारनाथची चढण सुमारे सोळा किलोमीटरची आहे आणि त्या वाटेवर नव्या कोऱ्या बुटांनी पहिल्या दोन तासांतच टाचेला फोड येतो. बूट निदान महिनाभर आधी घेऊन पायाला लावलेले असावे लागतात. रक्तदाबाची नेहमीची गोळी डोंगरातल्या दुकानात त्याच नावाची आणि त्याच प्रमाणाची मिळेल, याची शाश्वती कोण देणार? चष्मा फुटला तर त्याच नंबरचा दुसरा कोठून आणणार? दुकानदार वस्तू विकतो, सवय विकत नाही. शिवाय खरी गरज पडते ती रात्री, पावसात आणि दुकान बंद असतानाच, हा दौऱ्यावर हिंडलेल्या प्रत्येक शासकीय नोकराचा अनुभव आहे.

तिसरे मत सर्वांत घातक, कारण ते छापील असते. मागील वर्षी आमच्या परिचयातील काही कुटुंबांनी एका सहल कंपनीबरोबर उत्तराखंडची यात्रा केली. कंपनीचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण अशा याद्या सर्वत्र एकाच साच्याच्या असतात. ‘गरम कपडे, टोपी, गॉगल, आवश्यक औषधे’ एवढेच त्या यादीत होते. हीच यादी त्या कंपनीने सिमल्याच्या सहलीला दिली होती आणि दार्जिलिंगच्याही. हरिद्वारला मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि केदारनाथला रात्री तो शून्याजवळ येतो, हे त्या कागदावर कोठेच नव्हते. दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत, चार दिवसांच्या अंतराने यायची होती. अशी यादी म्हणजे देशाच्या नकाशावर एकच रंग फासण्यासारखे आहे.

मग करावे काय? आमच्या मते सुटकेस उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. जागा किती उंच आहे, हवेत ओल किती आहे, आणि महिना कोणता आहे. यांतील एकाचेही उत्तर ठाऊक नसेल तर कपाटाला हात लावू नये.

उंचीचे गणित शाळेतले आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे, म्हणजे इंदूरपेक्षा तीन हजार मीटर उंच. इंदूरला दुपारी ४० अंश असतील तर तेथे निव्वळ उंचीमुळे १९ ते २० अंश कमी, आणि वर वारा, पाऊस, रात्र यांचा हिशेब वेगळा. उंचीवर उन्हाचे चटकेही वाढतात, कारण हवा विरळ असते. तेथे मनुष्य उन्हात भाजतो आणि सावलीत कुडकुडतो. म्हणून एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्यावेत, म्हणजे आत सुती बंडी किंवा गंजीफ्रॉक, वर लोकरी स्वेटर आणि त्यावर वारापाऊस अडवणारे काही. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. दुपारी एक थर उतरवावा, संध्याकाळी चढवावा. घरातल्या मोठ्या माणसांना ऊन-थंडीचे हे तंत्र वेगळे शिकवावे लागत नसे. बाटलीतले खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजू लागते, एवढ्यावरून त्या हवामान ओळखणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत.

ओलीचा प्रश्न तर आम्हा माळव्यातल्या लोकांना सुचतच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री धुतलेले धोतर सकाळपर्यंत वाळते, म्हणून सर्वत्र तसेच होईल असे आपण गृहीत धरतो. जून-जुलैत गोव्याला किंवा रत्नागिरीला जाऊन पाहावे. तेथे पारा तिशीच्या आतच असतो, पण घाम वाळत नाही, कपडे दोन दोन दिवस दमट राहतात आणि मोठ्या प्रेमाने नेलेली इंदुरी शेव पुडा फोडल्यावर संध्याकाळपर्यंत सादळते. तेथे सैल सुती कपड्यांचा एक जोड जास्त हवा आणि जाड जीन्स घरीच राहिलेली बरी. उलट लेहला वर्षभरात पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. तेथे ओठ फुटतात, नाकात कोरड पडते आणि तोच शेवेचा बंद पुडा बाहेरचा हवेचा दाब कमी झाल्यामुळे फुग्यासारखा टम्म होतो. मेघालयातील मौसिनरामला वर्षाला अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. या दोन्ही जागा एकाच देशात आहेत, आणि दोन्हींसाठी आम्ही तीच सुटकेस तशीच भरणार काय?

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. सुती कपड्याचे आमचे प्रेम उष्ण प्रदेशात योग्य आहे. परंतु थंडीत भिजलेले सुती कापड अंगाला शत्रू ठरते. पाणी हवेच्या मानाने सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेते. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. धनगरांची घोंगडी पावसातही अंगावर असते ती उगीच नव्हे. ज्या धनगर कुळातून आमच्या या नगरीचे राजे आले, त्यांच्या पाठीवरचे हे शहाणपण आपण दिवाणखान्यातल्या शोभेपुरते ठेवले आहे.

महिन्याबाबत तर आमचे अज्ञान सुशिक्षित आहे. दसरा झाला की पावसाळा संपला, हा आमचा सिद्धान्त. दिवाळीच्या सुटीत रामेश्वर-कन्याकुमारीला निघालेली मंडळी छत्री काढून ठेवतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तेव्हाच पाऊस रंगात येतो. चेन्नईला वर्षाच्या पावसाचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते शहर पुरात बुडाले होते, हे आपण दूरदर्शनवर पाहिले आणि विसरलो. तसेच काश्मीरचे. मार्च-एप्रिलमध्ये तेथे पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे पाऊस पडतो. ट्यूलिपची बाग पाहायला निघालेल्यांच्या सामानात गॉगल असतो, रेनकोट नसतो. पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच असतो, हे माळव्याचे सत्य आहे, भारताचे नव्हे.

शासकीय सेवेत असताना आमच्या बदल्या ग्वाल्हेरकडेही झाल्या आणि बालाघाटकडेही. एकाच राज्यात, पण ग्वाल्हेरच्या जूनमध्ये पंचेचाळिशीपुढची लू आणि जानेवारीत हाडे गोठवणारे धुके. बालाघाटच्या साल वृक्षांच्या रानात ओल, डास आणि जळवा. पचमढीला पावसाळ्यात गादीसुद्धा दमट. बदलीचा हुकूम हाती पडला की आमच्या घरात आधी नकाशा उघडला जाई, मग पेटी. तेच आम्ही आजही सांगत आहोत.

कोणी म्हणेल, एवढ्या कपड्यांच्या गोष्टीसाठी लेख कशाला? याचे उत्तर विनोदाने देता येत नाही. २०२२ च्या चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक यात्रेकरू प्रकृतीच्या कारणांनी मरण पावले. बहुतेकांच्या बाबतीत हृदयविकाराचे कारण पुढे आले. त्यानंतर उत्तराखंड शासनाने यात्रेकरूंसाठी ज्या सूचना काढल्या त्यांत लोकरी कपडे, रेनकोट वा छत्री, नेहमीची औषधे, रक्तातील प्राणवायू मोजण्याचे ऑक्सिमीटर यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि यात्रा किमान सात दिवसांची ठेवावी असेही सांगितले आहे. हे शेवटचे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. सुटकेसमध्ये काहीही भरा, विरळ हवेवर स्वेटर हे औषध नाही. तेथे वेळच बरोबर न्यावा लागतो. मधल्या उंचीवर एक मुक्काम, लेहला पोचल्यावर पहिले एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, हेही सामानच आहे. तीन दिवसांत दोन धाम आटोपून सोमवारी कचेरीत हजर होणारी मुले आपल्या सत्तरीच्या आईवडिलांना बरोबर नेतात, तेव्हा ती भक्ती करतात की अविचार, हे त्यांनीच ठरवावे.

आणि वजनाची सबब कोणी पुढे करू नये. विमानात देशांतर्गत प्रवासाला साधारणतः १५ किलो सामान आणि हातात ७ किलो नेता येते. रेल्वेच्या शयनयान डब्यात ४० किलोपर्यंत विनामूल्य. लोकरीचा स्वेटर, कानटोपी, मफलर, पायमोजांचे चार जोड, पातळ रेनकोट आणि पंचा यांचे वजन फार होत नाही. वजन होते ते छायाचित्रांसाठी घेतलेल्या नव्या साड्यांचे, तिसऱ्या चपलांचे आणि वाटेत भूक लागेल म्हणून बांधलेल्या पाच प्रकारच्या फराळाचे. औषधे मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावीत. मोठी पेटी चुकते तेव्हा तिच्यातली गोळी उपयोगी पडत नाही.

आमची मागणी साधी आहे. आपल्या मंडळांच्या सहली निघतात, यात्रा निघतात. निघण्याच्या महिनाभर आधी एक संध्याकाळ नकाशासाठी राखावी. प्रत्येक मुक्कामापुढे त्याची उंची, त्या महिन्याचे कमाल व किमान तापमान आणि पावसाचा संभव लिहावा. जे सभासद त्या वाटेने गेले आहेत त्यांना बोलवावे. साठीपुढील प्रत्येकाने डॉक्टरांना दाखवून घ्यावे आणि मगच नाव नोंदवावे. सहल कंपनीची यादी त्यानंतर वाचावी, आणि तीत मुक्कामागणिक तपशील नसेल तर ती परत करून नवी मागावी. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या आपल्या घराण्यांनी परक्या भाषा शिकल्या, परकी पिके ओळखली, परक्या हवेत संसार उभे केले. त्या घराण्यांच्या नातवंडांना केदारनाथ किती उंच आहे हे पेटी भरण्याआधी ठाऊक असावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.