कानातला बिल्ला आणि माणसाचा ताप

महिना-दीड महिना ताप येतो, उतरतो, पुन्हा चढतो. रात्री घामाने कपडे भिजतात, कंबर आणि गुडघे धरतात. टायफॉइडची औषधे होतात, मग क्षयाच्या तपासण्या होतात आणि अखेर कुणीतरी विचारते, ‘घरी जनावरे आहेत का?’ ब्रुसेलोसिसचे निदान अनेकदा असेच वळसे घेत होते.

जनावरांत याच आजाराला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभण गाय किंवा म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते. मेलेले वासरू आणि वार उघड्या हातांनी उचलणारी घरची बाई, गोठ्यातला गडी, कच्चे दूध पिणारे पोर, यांपैकी कुणालाही लागण होऊ शकते. माणसासाठी लस नाही. दोन प्रतिजैविके मिळून किमान सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर ताप उलटतो. म्हणजे हा आजार अडवायचा तो गोठ्यातच.

त्यासाठी चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच लस टोचतात. सप्टेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ही लसही आहे. पण वैजापूरकडची कालवड छावणीच्या बाजारात विकली गेली, तिथून जालन्याला आणि पुढे आणखी कुठे गेली, तर तिला लस मिळाली होती की नाही हे नव्या मालकाला कोण सांगणार? त्याचे उत्तर कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या बारा अंकांत आहे. हा क्रमांक ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंदला जातो. बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येणार नाही, त्याची वाहतूक होणार नाही आणि सरकारी दवाखान्याची सेवाही मिळणार नाही, असा नियम राज्याने १ जून २०२४पासून केला.

शेतकऱ्याला हा आणखी एक सरकारी जाच वाटतो, आणि त्याची कारणे आहेत. बिल्ला काटेरी कुंपणात अडकून कान फाटतो, पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. परंतु जनावरे ओळखता येत नसली की सरसकट बंदी घालावी लागते. २०२२मध्ये लंपी आली तेव्हा आठवडी बाजारच बंद ठेवावे लागले होते. (लंपी माणसाला होत नाही, तेव्हाच्या अफवेने दूधवाल्यांचे नुकसान उगाच झाले.) ब्रिटनमध्ये २००१च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. साथ उघडकीस येण्याआधीच बाजारांतून फिरलेल्या मेंढ्यांनी ती दूरवर नेली होती.

आता चर्चा इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याची आहे. त्यातल्या चिपला बॅटरी लागत नाही. वाचक यंत्र जवळ नेले की क्रमांक उमटतो, शेणाने माखलेला कान पुसत बसावे लागत नाही. अमेरिकेत ५ नोव्हेंबर २०२४पासून एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या ठरावीक गटांतल्या गुरांना असा टॅग सक्तीचा आहे. शेकडो गायींच्या डेअरीत त्याचा उपयोग उघड आहे. दोन गायी आणि एक म्हैस असलेल्या घरी मात्र साधा बिल्ला पुरतो. तिथे उणीव चिपची नाही, नोंदीची आहे. जनावर विकले जाते, बिल्ला कानातच राहतो आणि प्रणालीत नाव जुन्याच मालकाचे राहते. एकेका पशुधन पर्यवेक्षकाच्या वाट्याला अनेक गावे असताना चिप महाग घेतली म्हणून ही नोंद आपोआप बदलणार नाही. बाजाराच्या दारातच, पावती फाडतानाच मालक बदलून घेतला तर ते काम होईल.

माणसांच्या दवाखान्यातही एक काम आहे. ब्रुसेलोसिस ठरला की केसपेपरवर गाव, वय, व्यवसाय लिहितात. त्याच्याखाली घरच्या जनावरांचे बिल्ला क्रमांक लिहून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायला फार तर दहा मिनिटे लागतील. त्यावरून जनावर कुणाकडून आले, त्याला लस झाली होती का, हे पाहता येईल. त्याच गोठ्यातली बाकीची जनावरे आणि त्याच घरात कच्चे दूध पिणारी माणसे, दोघांचेही रक्त त्याच आठवड्यात तपासता येईल.