स्पीड नको, लाइनमन दाखवा!

मंडळी, परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, तुम्ही अजून 40 एमबीपीएसवरच? 300 चा प्लॅन घ्या, राउटर फुकट देतात!" मी म्हटलं, "बाबा रे, घोडा किती जोरात पळतो ते राहू दे. पावसाळ्यात तो उभा तरी राहतो का, ते विचार."

तो हसला. मला काही हसू आलं नाही.

मागे माझ्याकडेही 100 चा प्लॅन होता. ऐन पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात वायर तुटली आणि नऊ दिवस इंटरनेट बंद! नातीचा कॉलेज प्रवेशाचा फॉर्म भरायची मुदत त्याच आठवड्यात. रोज फोन करायचा, रोज तेच गोड उत्तर, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' शेवटी पोरीनं शेजाऱ्यांच्या मोबाईलवर फॉर्म भरला. बिल मात्र पूर्ण महिन्याचं!

म्हणून स्पष्टच लिहितो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे नुसता वेग बघून कनेक्शन घेणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. एका चांगल्या व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस पुरतात. चार माणसांच्या घराला 40 रग्गड झाले. बाकीचा आकडा मिरवायला!

सरकारलाही हे कळायला वेळ लागलाच. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना 2011 साली मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट. 2023 च्या सुधारित योजनेत मात्र तारांची रचना वर्तुळाकार ठरली, म्हणजे एका बाजूला तार तुटली तरी दुसऱ्या बाजूनं काम चालावं. शिवाय 10 वर्षांच्या देखभालीची तरतूद. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिथल्या पोरांना 300 चं काय कौतुक? त्यांना तार जिवंत हवी.

आता त्या फुकटच्या राउटरबद्दल. लोक तो टीव्हीच्या मागे कोंबतात आणि कंपनीला शिव्या देतात. 5 गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण भिंतीपाशी दमतो. 2.4 हळू, पण पलीकडे पोचतो. जाड भिंतींच्या जुन्या घरात राउटर मधोमध आणि उंचावर हवा.

आणि लाईट! जुन्या टेलिफोनला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचीच वीज मिळे, म्हणून अंधारातही तो वाजायचा. फायबर पडली काचेची, तिच्यातून वीज येत नाही. तेव्हा जास्तीच्या वेगाचे पैसे वाचवा आणि राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या.

कनेक्शन घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा. लाइनमन कुठे राहतो? मागच्या पावसाळ्यात या गल्लीत किती दिवस बंद होतं? पहिला कंपनीच्या माणसाला, दुसरा शेजाऱ्याला. आणि तक्रार केली की क्रमांक मागून घ्याच. ट्रायच्या 2012 च्या नियमांनी तो हक्क दिलाय, समाधान झालं नाही तर अपीलही करता येतं. आपण मात्र 'जाऊ द्या' म्हणतो आणि तिथेच चुकतो!

असो. पुतण्याला राग आला असेल तर येऊ दे. दिवाळीला येईल तेव्हा त्याला आमच्या लाइनमनशी भेटवतो. दोन गल्ल्या सोडून राहतो तो.