दहा बाय दहाची खोली, धानासाठी

घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं. त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे, धानाची धरलेली नाही. आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मातीची घरं जाऊन सिमेंटची आली, हे चांगलंच झालं. पावसाळ्यात भिंत खचायची धास्ती गेली. पण जुन्या घराबरोबर धान साठवायची ढोलीही गेली. माझ्या सासऱ्यांच्या घरात माणसाच्या उंचीची, बांबूची, शेणमातीने लिंपलेली ढोली होती आणि तिच्यापुरती वेगळी खोली होती. आता तीन एकरांचं धान घरी आलं की चुंगड्या पुढच्या खोलीत, पलंगाखाली, पोरीच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत. दिवाळीनंतर उंदीर आमच्याकडे पाहुण्यासारखे नाही, घरच्यासारखे वागतात.

उरलंसुरलं हार्वेस्टरने केलं. पूर्वी कापलेल्या कडपा बांधीतच वाळायच्या, मग पुंजणे रचायचे आणि मळणी सवडीने व्हायची. आग लागली नाही, डुकरं शिरली नाहीत, तर पुंजण्यात धान बिनभाड्याने महिना-दोन महिने राहायचं. आता यंत्र एका दुपारी तीन एकर आटोपतं, ट्रॉलीत धान ओततं आणि पुढच्या बांधीत जातं. सगळ्या गावाचं धान आठ-पंधरा दिवसांत हाती येतं, तेही ओलं. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. म्हणजे वाळवायला अंगण हवं आणि नंबर लागेपर्यंत ठेवायला छप्पर हवं. दोन्ही नसलेला माणूस डांबरी रस्त्यावर धान पसरतो आणि आभाळ भरून आलं की व्यापाऱ्याला फोन लावतो. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. व्यापारी दोनशेने तरी खाली मागतो. ते दोनशे रुपये म्हणजे घरात जागा नसल्याचा दंड, असं मी धरते.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. कंपनीने त्याला वर्षभर बाहेर पाठवलं तेव्हा त्याने फ्लॅट सोडला आणि सोफा, कपाट, फ्रीज भाड्याच्या एका गाळ्यात ठेवून दिला. जागेच्या मापाने भाडं. कुलूप त्याचं, किल्ली त्याची. ज्या शहरात माणसांना खोली मिळत नाही तिथे सोफ्याला मिळते, हे ऐकून सासूबाईंना हसू आवरेना. मला मात्र हेवा वाटला. एकेकाची गरज चिमूटभर, पण भाडं रोख आणि वेळेवर. म्हणून कोणीतरी मोठी शेड घेऊन तिचे गाळे पाडले. आमच्या तालुक्यात गरज त्याहून मोठी आहे आणि गाळे कोणी पाडत नाही.

याचं कारण गोदामं कमी आहेत एवढंच नाही. जी आहेत ती एकाच गिऱ्हाइकाला जातात. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळासाठी संस्था धान खरेदी करतात, आणि भरडाईसाठी उचल होईपर्यंत ते गोदामात पडून राहतं. १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा, हा नियम. एवढा उतारा बसत नाही, दर परवडत नाही, असं राईस मिलवाले म्हणतात, आणि हा वाद मिटेपर्यंत उचल रखडते. तोवर उन्हाळी धान दारात. २०२१ च्या उन्हाळ्यात तर कोरोनाने बंद पडलेल्या शाळांमध्ये धान भरायची पाळी आली होती. तिकडे आदिवासी पट्ट्यातल्या केंद्रांवर ताडपत्रीखाली ढीग भिजतात, त्याचे फोटो जून-जुलैत पेपरात येतातच. उचल वेळेवर झाली तर आहे त्या गोदामांत दोन्ही हंगाम बसतील, असं आमच्या संस्थेचे लोक खासगीत सांगतात. मला ते पटतं. पण त्याने सरकारच्या धानाची सोय होईल. माझ्या चुंगड्या पलंगाखालीच राहतील.

नव्या योजनाही याच मापाने विचार करतात. सहकारातली जगातली सर्वांत मोठी धान्यसाठवण योजना केंद्राने ३१ मे २०२३ ला मंजूर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ११ राज्यांतल्या ११ सोसायट्यांची पहिली गोदामं खुली झाली. आपल्या राज्यातलं अमरावती जिल्ह्यात नेरपिंगळाईला, ३,००० टनांचं. गोदाम झालं, छानच. पण ३,००० टनांचा एक हॉल आणि त्याला एक शटर असेल, तर तो घेणारा कोण हे सांगायला ज्योतिषी नको.

माझं मागणं लहान आहे. तीन एकरांत साधारण ४५ क्विंटल धान होतं, म्हणजे ४० किलोच्या शंभरावर चुंगड्या. थप्पी नीट लावली तर दहा बाय दहाच्या खोलीत त्या बसून वर फिरायला जागा उरते. अशा खोलीचं महिन्याला ५०० रुपये भाडं मी आनंदाने देईन. तीन महिन्यांचे दीड हजार. हीच खोली बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत आणली, तर मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने मिळू शकतं. ही योजना पणन मंडळ १९९०-९१ पासून चालवतं आणि तिच्यात धानही आहे, हे आमच्या गावात किती जणांना ठाऊक असेल? ७५,००० घेतले तर तीन महिन्यांचं व्याज हजार-अकराशे. भाडं आणि व्याज मिळून अडीच-पावणेतीन हजार. आणि पडत्या भावात क्विंटलला दोनशेने कमी विकलं तर नुकसान ९,००० रुपयांचं. चुकारे येईपर्यंत सावकाराचं तोंड बघावं लागत नाही, ते वेगळंच.

बाकीचे महिने खोल्या रिकाम्या राहतील, असं म्हणणारे भेटतील. त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये सालेकसा-देवरीकडे जाऊन यावं. बाया पहाटेपासून मोहफुलं वेचतात आणि ठेवायला कोरडी जागा नाही म्हणून आठवडी बाजारात मिळेल त्या भावात विकून मोकळ्या होतात. पुढे पावसाळ्यात तीच फुलं महाग झालेली असतात. जूनमध्ये बियाणं, जुलैत युरिया. बचत गटाच्या खुर्च्या आणि मोठे गंज तर बारमाही कोणाच्या तरी पडवीत अडकलेले असतात. गिऱ्हाईक आहे, फक्त ते एकावेळी एक खोलीच मागणार.

दरवर्षी हिवाळी अधिवेशन आलं की आमच्याकडे धानाच्या सरकारी बोनसची चर्चा तापते. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो हेक्टरी २०,००० होता, दोन हेक्टरपर्यंत. मिळाला तर मीही घेते, नाही म्हणत नाही. पण बोनस खर्चून जातो. त्यातला काही भाग गावोगावच्या सोसायट्यांना दहा-दहा गाळ्यांची शेड बांधायला दिला असता, तर एव्हाना कितीतरी गावांत शेड दिसली असती. नवं बांधकामही सगळीकडे लागणार नाही. बंद पडलेल्या मिलच्या शेड जिल्ह्यात कमी नाहीत.

तपशिलात मात्र हयगय नको. जोतं दोन फूट उंच, जमिनीवर लाकडी फळ्या, जाळीचा झरोका. सोंडे लागू नयेत म्हणून धुरीकरण सगळ्या खोल्यांचं एकाच दिवशी, संस्थेच्या खर्चाने, जाणकार माणसाच्या हातून. घरात पोरंबाळं झोपतात तिथे हे करताच येत नाही. धान आत जाताना काटा आणि ओलावा दोन्ही पावतीवर. आणि किल्ली भाडेकरूकडे. सचिवाकडे नाही, ग्रेडरकडे नाही.

सप्टेंबरमध्ये आमच्या सेवा सोसायटीची आमसभा आहे. तिथे हा ठराव मी मांडणार आहे. सूचक म्हणून माझं नाव लिहून दिलंय. अनुमोदक अजून मिळायचा आहे.